देवाला सोडलेली गोळी

आधी मूर्खपणा कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. नऊ वर्षांपूर्वी, आषाढी एकादशीला, नांदेडात आमच्या कॉलनीतल्या देवळात हात जोडून मी माझी संधिवाताची गोळी चातुर्मासापुरती देवाला सोडली.

चार महिने एखादी आवडती वस्तू सोडायची ही आमच्या बायकांची जुनी रीत. त्या दिवशी आरती झाल्यावर सगळ्या ओसरीत गोल बसल्या. मला खाली बसता येत नव्हतं म्हणून मी कट्ट्यावर. एकीनं वांगं सोडलं, एकीनं कांदा-लसूण, एकीनं दुपारचा चहा सोडला आणि सकाळचा चालतो असं देवालाच बजावून सांगितलं. माझी पाळी आली तशी मी मोठ्यांदा म्हणाले, 'साखर.' सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. मनात मात्र मी म्हणाले, पांडुरंगा, ती बारकी पांढरी गोळी. म्हणजे एका दमात दोन पापं. देवळात खोटं बोलले, आणि साखर तर सोडलीच नाही. घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल तर दोन चमचे साखर घालून चहा.

तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते. एवढ्या वयात अक्कल येते असं ऐकून होते. आता पासष्टीत आहे आणि त्या छप्पन्न वर्षांच्या बयेची आठवण झाली की तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो.

पण तिची बाजूही सांगायला पाहिजे. मी ब्लाउज शिवते. लग्न होऊन आले तेव्हापासून माझं मशीन खिडकीपाशी आहे. चोपन्नाव्या वर्षी संधिवातानं बोटं धरली. सकाळी उठलं की मुठी मिटलेल्या त्या मिटलेल्याच. कोमट पाण्यात धरून एकेक बोट उकलावं लागायचं. सुईत दोरा ओवायला मी नवऱ्याला बसवायचे आणि ते चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधायचे. मग डॉक्टरीणबाईंनी बाकीच्या औषधांसोबत ती गोळी दिली. स्टिरॉइड हाय, मावशी, चेहरा सुजल, भूक वाढल, वजनावर लक्ष ठेवा, असं त्यांनी नीट सांगितलं होतं. मी त्यातलं फक्त 'बोटं मोकळी होतील' एवढंच ऐकलं. आणि झालीच मोकळी. पंधरा दिवसांत मी ब्लाउजांना हूक-आय लावून राहिले होते. त्या गोळीला आरती ओवाळायची तेवढी बाकी होती.

मग आली भूक. साधी भूक मला माहीत होती, ही वेगळी. जेवून हात धुवेपर्यंत ही दारात हजर. दुपारी सगळे कलंडले की मी ओट्यापाशी उभी राहून शेंगदाणे-गूळ खायचे, भाकरीला शेंगदाण्याची चटणी आणि वरून तेल, आणि उभ्यानं खाल्लेलं अंगाला लागत नाही अशी स्वतःची समजूत घालायचे. दोन वर्षांत चोपन्न किलोची एकोणऐंशीची झाले. शिवणारणीला हे लपवणं फार सोपं. ब्लाउजची शिवण अर्धा बोट उसवायची आणि परत मारायची, कुणाला पत्ता लागत नाही, स्वतःलासुद्धा नाही. सगळ्या ब्लाउजांमधलं मार्जिन संपलं आणि कात्री धरून बसले तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला.

इथं तरुणपणाचंही एक सांगून टाकते. अंगानं काडी होते तेव्हा जाड बाई मापाला आली की मी टेप दोनदा फिरवायचे, चार जणींच्या देखत, आणि गोड आवाजात म्हणायचे, वहिनी, कापड जरा कमीच पडतंय. मोठी हुशारी वाटायची मला त्याची. त्यांतल्या एकीनं तरी माझ्या कानाखाली वाजवायला पाहिजे होती.

तर गोळी का सोडली? पुतण्याच्या लग्नाचा अल्बम आला. पंगतीच्या फोटोत खुर्चीवर बसून एक गोल चेहऱ्याची बाई जिलेबी खात होती, मान म्हणून काही नव्हतीच. मी नवऱ्याला विचारलं, ही कोणाकडची हो? त्यांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं, "माझ्याकडची."

त्यानंतर आठ दिवसांनी एकादशी आली.

गोळी सोडल्यावर दोन-तीन दिवस मी खुशीत होते. चौथ्या दिवशी अंग मोडून आलं. सहाव्या दिवशी मुठी परत मिटल्या. मी म्हटलं, व्रत आहे, देव परीक्षा घेणारच. नवव्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या आणि स्वयंपाकघरात मी कणकेच्या परातीवरच आडवी झाले. नवऱ्यानं आणि शेजाऱ्यानं रिक्षात घातलं. सलाईन, इंजेक्शनं झाली, मी डोळे उघडले तर डॉक्टरीणबाई कॉटशी उभ्या. लेकीच्या वयाच्या, पण नजर हेडमास्तरणीची.

"गोळी कधीपासून बंद हाय, मावशी?"

"एकादशीपासून."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"कुणी न्हाई. देवाला सोडली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. त्या म्हणाल्या, "देवानं परत पाठवलीय. घ्या." मग खुर्ची ओढून बसल्या आणि सावकाश समजावलं. इतके दिवस बाहेरून गोळी मिळाली की तसलंच जे द्रव्य शरीर स्वतः बनवत असतं ते बनवायचं विसरतं. एकदम तोडली की माणूस जाऊ शकतो. वजन गोळीनं आणलं हे त्यांनी कबूल केलं. "पण गोळी कमी करायचं काम माझं, वजन कमी करायचं तुमचं. तुम्ही माझ्या कामात हात घालायचा न्हाई."

मी त्यांच्या कामात हात घातला नाही. माझ्याही कामात घातला नाही, हे खरं. दिवाळीपर्यंत मी नुसती गोळी घेतली, दुःख केलं आणि खाल्लं.

दिवाळीत लातूरहून लेक आली. दोन वर्षं झाली होती तिच्या लग्नाला. फराळाचं ताट पुढं ठेवलं तर तिनं तोंड फिरवलं, आणि मला कळलं. दिवस गेले होते, डॉक्टरांनी जून महिना सांगितला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय ठरवायला लागतं का? मी मनातल्या मनात दुपट्यांचं कापडसुद्धा बेतलं.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. लातूरची बाई, बोलणं असं की गुळाच्या खड्यात गुंडाळलेली मिरची. आधी माझ्या तब्येतीची चौकशी, मग माझ्या गुडघ्यांची, मग हळूच मुद्दा. लेकराला न्हाऊ घालायचं म्हणजे खाली पाटावर बसावं लागतं, पाय लांब करून, दोन्ही नडग्यांवर लेकरू घेऊन. तुमच्यानं तर देवळात पण खाली बसवत न्हाई म्हणे. तर बाळंतपण आमच्याकडंच करू, तुम्ही पाहुणी म्हणून या, खुर्चीत बसा, नात-नातू बघा.

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. तेच तर झोंबलं. माझ्या आईनं माझी दोन्ही लेकरं अशी नडग्यांवर घेऊन न्हाऊ घातली होती, आणि आमच्यात लेकीचं हे काम तिची आईच करते. नवरा म्हणाला, त्यात काय, न्हाऊ घालणारी बाई लावू. मी त्यांच्याकडं बघितलं. ते परत पेपरात गेले.

लेकीनं एकटीला गाठलं मला. "आई, मला इथंच यायचंय. तुला जमंल का?"

"हाव," म्हणाले मी. एकोणऐंशी किलोची बाई, पलंगावरून उठताना दोन वेळा झोके घेणारी, बिनदिक्कत 'हाव' म्हणाली. तोही मूर्खपणाच म्हणायचा, पण त्या मूर्खपणानं मला वाचवलं.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं, जूनपर्यंत मला पाटावर बसून उठायचंय, हातांनी लेकराला धरायचंय. हातासाठी गोळी पाहिजे, गुडघ्यासाठी वजन उतरायला पाहिजे. करा काय करायचं ते. त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तरी लई झालं, घाई केली तर स्नायू जातील आणि मग उठणार कशानं? मीठ कमी, कारण गोळी अंगात पाणी धरते. भाकरी अर्धी, वरण दुप्पट. रोज चालायचं, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, दहा वेळा सकाळी, दहा वेळा सांजच्याला.

साखर सुटली, गूळ सुटला, पण मिठानं मला रडवलं. पापड नाही, लोणचं नाही, ठेचा नाही. मराठवाड्यातल्या बाईला ठेच्याशिवाय भाकरी म्हणजे मुकी भाकरी. पंधरा दिवस मी ताटाशी भांडले. नवऱ्यानं गुळाची ढेप स्वतःच्या कोटाच्या पेटीत लपवली. ती मी दुसऱ्याच दिवशी शोधून काढली, पण खाल्ली नाही. नुसतं झाकण उघडून वास घेतला आणि बंद केलं. हे मी त्यांना सांगितलं नाही, नाहीतर ते कोटाला मुंग्या लागल्या म्हणून ओरडले असते, आणि लागल्याच होत्या.

भुकेशी मी बोलायला लागले. दुपारी ती आली की म्हणायचे, तू माझी न्हाईस, तू गोळीची हायेस, मला ठाऊक हाय. बस तिथं, काकडी खा, ताक पी, जा. कधी जायची, कधी उंबऱ्यात बसून राहायची. ती बसली की मी मशीनवर बसायचे. पायाखाली मशीन चालू असलं की हात तोंडाकडं जात नाही, हा माझा शोध.

चालणं पहिल्या दिवशी विजेच्या तिसऱ्या खांबापर्यंत झालं. तिथं मी खांबाला धरून अशी उभी राहिले की समोरून दूधवाला थांबला आणि घरी सोडू का म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो थांबेल या लाजेनं चौथ्या खांबापर्यंत गेले. माघापर्यंत नदीचा घाट गाठला. उशिरा पोचायचे, पण पोचायचे.

सगळं सरळ झालं असं नाही. संक्रांतीला अकरा घरी हळदीकुंकवाला गेले आणि अकराही घरी तिळगूळ नको म्हणायला जीभ वळली नाही. महिन्याअखेर काटा वर सरकला. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तुमचा काटा बिघडलाय. त्या चपला काढून स्वतः काट्यावर उभ्या राहिल्या, आकडा बघितला, खाली उतरल्या आणि म्हणाल्या, काटा बरोबर हाय. घरी येऊन मी टेप काढला, कमर मोजली आणि टेपही बिघडलाय का ते खिडकीच्या चौकटीवर लावून बघितलं. तोही शहाणा निघाला.

फेब्रुवारीपासून पाटाचा सराव. जुन्या धोतराच्या फडक्यात तीन किलो ज्वारी बांधली, वर गाठ मारून डोकं केलं. बाथरूमच्या बाहेर पाट मांडायचा, एका हातानं भिंत, दुसऱ्यानं स्टूल धरून खाली जायचं, पाय लांब करायचे आणि ते गाठोडं नडग्यांवर घ्यायचं. खाली जाणं जमायला तीन आठवडे लागले. उठणं जमेना. नवरा हात देऊन उठवायचा आणि विचारायचा, आज लेकरू रडलं का? एकदा मी तंद्रीत खरंच तांब्याभर पाणी ओतलं. वरची ज्वारी भिजली. फेकायला जीव होईना, तिला मोड आणले आणि तीन दिवस दोघांनी उसळ खाल्ली. ते दर घासाला म्हणायचे, नातवंड चवीला चांगलं हाय.

एप्रिलमध्ये लातूरला लेकीचं डोहाळजेवण होतं. मी सत्तर किलोवर आले होते, गोळी दहा मिलिग्रॅमवरून साडेसातवर आणि मग पाचावर उतरली होती, हाताच्या मुठी तशाच मोकळ्या. लोहा, अहमदपूर, चाकूर करत नवऱ्यासोबत एसटीनं गेले, आणि एसटीची पायरी कुणी हात न देता चढले. कुणाचंही लक्ष नव्हतं, हेच दुःख.

दारातच विहीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. वाळलात की हो, म्हणाल्या, औषध बदललं काय? आणि लगेच आत हाक दिली, आमच्या विहीणबाईला खुर्ची द्या गं. वीस-पंचवीस बाया सतरंजीवर बसलेल्या. खुर्ची मधोमध आणून ठेवली, जशी काही मीच डोहाळकरीण. मी म्हणाले, खुर्ची कशाला, आणि बसले की सतरंजीवर. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर इतकं भारी वाटलं की मी आजूबाजूला बघितलं, कोण कोण बघून राहिलंय ते.

मग ध्यानात आलं की इथं भिंत नाही. स्टूल नाही. नवरा पुरुषांच्यात.

ओटी भरली, गाणी झाली, जेवणं झाली. बाया उठल्या, हात धुऊन आल्या, परत बसल्या, परत उठल्या. मी तिथंच. माझं ताट मी जागेवरच मागवलं. मला गप्पांची भारी आवड आहे असं दाखवत मी शेजारणीला ब्लाउजच्या बाहीचे सात प्रकार समजावले. तिनं कंटाळून जागा बदलली तशी दुसरीला समजावले. अडीच तास झाले. दोन्ही पाय माझे राहिले नव्हते. शेवटी विहीणबाईंनी सगळ्यांना अंगणात पानसुपारीला घालवलं, दार लोटलं, माझ्यापाशी आल्या आणि हात पुढं केला.

"उठा आता. कुणी न्हाई बघून राहिलं."

मी त्यांच्या हाताला धरलं. त्यांनी जोर लावला, मी जोर लावला, आणि दोघी एकमेकींच्या अंगावर आदळून उभ्या राहिलो. वाटलं, आता हसतील. त्या हसल्या नाहीत. माझ्या साडीच्या निऱ्या झटकून सरळ केल्या आणि म्हणाल्या, लेकीला नांदेडला घेऊन जा, पण न्हाऊ घालायला मी बाई पाठवते. मी म्हणाले, बाई नको, दोन महिने द्या.

त्या दोन महिन्यांत मी जशी झटले तशी लेकीच्या लग्नासाठी पण झटले नव्हते. उन्हामुळं पहाटेच घाटावर जाऊन यायचे. हाताशी भिंत न घेता उठायची रीत फिजिओथेरपीच्या मुलीनं शिकवली. आधी एका कुशीवर वळायचं, मग चार पायांचं जनावर व्हायचं, मग एक गुडघा पुढं घेऊन त्यावर हात रोवायचा. दिसायला अगदी म्हैस उठल्यासारखं दिसतं. नवऱ्याला मी सांगून ठेवलं होतं, या वेळी तोंडातून शब्द काढायचा नाही. त्यांनी काढला नाही. तोंडापुढचा पेपर मात्र हलत होता. मेच्या शेवटी बाहेर चाळीसच्या पुढं ऊन असताना एका दुपारी मी एकटीच होते, आणि उठले. परत बसले, परत उठले. खरं वाटेना म्हणून तिसऱ्यांदा बसले आणि मग दमून तिथंच आडवी झाले, पण त्याला हरकत नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नात झाली. तीन किलोला जरा कमी, ज्वारीपेक्षा हलकी. नाळ गळून पडेपर्यंत नुसतं ओल्या फडक्यानं पुसायचं, असं दवाखान्यात सांगितलं होतं. नाळ गळाली आणि नेमक्या त्याच सकाळी लातूरच्या पहिल्या गाडीनं विहीणबाई हजर. एकट्याच आल्या. बाई आणली नव्हती.

मी सदुसष्ट किलोची होते. अजून जाडच म्हणायची, गोळी अजून चालूच. पण पाटावर बसले, भिंतीला न धरता. पाय लांब केले. विहीणबाईंनी पोरीला माझ्या नडग्यांवर ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या. लेक गरम पाणी ओतायला. ज्वारीचं गाठोडं वळवळत नाही, हे मी सरावात धरलंच नव्हतं. पोरगी तेलानं अशी निसटत होती की मी दोनदा पकड बदलली. पण बोटं चालली. दहाच्या दहा चालली. एक हात मानेखाली, एक पाठीवर, दोन तांबे पाठीवर, एक पोटावर, डोक्यावरून हळूच, तोंडावर पाणी जाऊ न देता. ती आधी किंचाळली, मग गप झाली आणि पायांवर ऊन ऊन धार सोडली. लेकीनं तिला पंच्यात गुंडाळून घेतलं.

उरले मी, ओला पाट आणि दारातल्या विहीणबाई. त्यांनी हात पुढं केला नाही. मीही मागितला नाही. कुशीवर वळले, चार पायांवर झाले, सगळी लाज त्या मोरीत वाहून जाऊ दिली, गुडघा पुढं घेतला, हात रोवला आणि उठले. साडी घोट्यापासून मांडीपर्यंत भिजलेली, केस तोंडावर. विहीणबाई पुढं आल्या, पंचा सारून पोरीला नीट उलटीपालटी करून तपासलं, जशी मी गिऱ्हाइकाच्या कापडाची सुलटी-उलटी बघते तशी, आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या:

"पोरीच्या कानामागं तेल राहिलंय, विहीणबाई. उद्या पानी मी ओतते, बसायचं तुम्हीच."